खडकपट्टीची सरासरी

“खडकपट्टी मला नकोच! देऊन टाका ती दुर्गमसेनाला!”

राजा भूपतसिंह भर दरबारात ओरडला. झालं होतं असं, की कोणत्या मुलखातला माणूस सालाला सरासरी किती कमावतो, याची दिवाण त्र्यंबकपंतांनी गणती केली होती. राजधानी चंदनपुरात माणशी नऊशे रुपये निघाले आणि डोंगरातल्या खडकपट्टीत फक्त नऊ! शेजारचा राजा दुर्गमसेन हे ऐकून पोट धरधरून हसला म्हणे. भूपतसिंहाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“फार उत्तम, महाराज!” त्र्यंबकपंत म्हणाले. “खडकपट्टी गेली की राज्याची सरासरी त्याच दिवशी वर चढते. आणि खर्च काही नाही!”

बघा, काय डोकं! गरिबी घालवायची कशी, तर गरीबच देऊन टाकायचे. इकडे खडकपट्टीच्या तोंडचं पाणी पळालं. दुर्गमसेन तरण्या पोरांना वेठीला धरून खाणीत घालायचा आणि ती पोरं काही परत यायची नाहीत. शेवटी लोकांनी दरबारात म्हाळसाला पाठवलं. धनगराची लेक, घोंगड्या विणायची. जीभ अशी तिखट, की घासाघीस करायला व्यापारी एकमेकांना पुढे ढकलत. घरी नुकतं मिसरूड फुटलेले दोन भाऊ. तिची झोप केव्हाच उडाली होती.

“महाराज, आमाला देऊ नका,” ती म्हणाली. “माझे दोन्ही भाऊ त्या खाणीत मरतील.”

“मग श्रीमंत व्हा!” राजा खेकसला. “येत्या पुनवेला पुन्हा गणती आहे. खडकपट्टीची सरासरी राजधानीइतकी झाली पाहिजे. जो मुलूख सगळ्यात गरीब निघेल, तो दुर्गमसेनाला दिला! हा माझा शब्द!”

दरबारी खो खो हसले. म्हाळसाने पदर खोचला.

“जमवू की! पण गणती तुमच्यासमोर होऊ द्या. न्हाईतर दिवाणजी म्हनतील, आमी फसवलं. सगळ्या सरदारांना घेऊन या, जेवायलाच या. बकरं कापू!”

“येतो! तुमची श्रीमंती बघायला तरी येतोच!”

“आनि दिवाणजी, नेम तोच न्हवं? जिथं जेवला, तिथला?”

“तोच! राव असो की रंक!” पंत गुरकावले. हा नेम म्हणजे त्यांचं लाडकं बाळ. मेंढरं घेऊन हिंडणारे धनगर गणतीवाला दिसला की सांगायचे, आम्ही पलीकडचे. पलीकडे विचारलं की म्हणायचे, आम्ही अलीकडचे! म्हणून पंतांनी ठरवून टाकलं होतं, की गणतीच्या दिवशी सांजेला ज्या चुलीवरचं खाल्लं, त्या मुलखात तो माणूस मोजायचा.

पुनव आली. राजा निघाला, मागे झाडून सगळे सरदार निघाले. फुकटच्या बकऱ्याला कोण नको म्हणेल? पण घाटातली वाट इतकी चिंचोळी, की पालख्या पायथ्याशीच ठेवाव्या लागल्या. महाराज धापा टाकत, वाटेला शिव्या घालत वर पोचले. घोंगडीवर बसले. बाजरीची भाकरी, झणझणीत रस्सा, हाताने फोडलेला कांदा! राजाच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तो वाढ वाढ म्हणत राहिला. त्र्यंबकपंतांनी आधी नाक मुरडलं, मग पिठलं मागवलं आणि तीन भाकऱ्या हाणल्या.

सकाळपर्यंत राज्यभरचे गणतीवाले येऊन पोचले. पंतांनी बेरजा केल्या. पुन्हा केल्या. मग त्यांच्या कपाळाला घाम फुटला.

“बोला की!” राजा म्हणाला.

“महाराज… खडकपट्टी, माणशी अडीच हजार. राज्यात पहिली.”

“काय? आणि चंदनपूर?”

“आठ.”

“आठशे?”

“नाही महाराज. नुसते आठ. सगळ्यात शेवटी.” पंत पुटपुटले. “आपण आणि सगळे सरदार काल इथे जेवलात ना…”

“फसवणूक!” राजा ताडकन उठला. “अगं ए, कसली श्रीमंत खडकपट्टी? इथल्या एकाच्या तरी हातात एक पैसा जास्त पडलाय का?”

“न्हाई पडला, महाराज! पन तुमच्या चंदनपुरातल्या भिस्त्याला, झाडूवालीला नऊशे कवा मिळाले? तुमी जेवायला घरी होता, म्हनून ती बिचारी इतकी सालं श्रीमंत होती!”

म्हाळसाने हात जोडले, पण जीभ काही आवरली नाही.

“आता एकच सांगा. तुमी शब्द दिलाय, सगळ्यात गरीब मुलूख दुर्गमसेनाला. मग राजधानी कवा देताय?”

मग भूपतसिंह हसायला लागला. इतका हसला, की मुंडासं घोंगडीवर पडलं!

“हरलो गं पोरी! कुणालाच काही द्यायचं नाही. तुझे भाऊ तुझ्यापाशीच राहतील. तुला काय हवं ते माग! सोनं देऊ?”

“सोनं नगं. मला एकटीला दिलंत, तर दिवाणजी अख्ख्या पट्टीला श्रीमंत ठरवतील! घाटाची वाट रुंद करा. कितीबी भांडलं तरी शेवटी पायथ्याचा व्यापारी म्हनेल त्या भावात घोंगड्या द्याव्या लागतात, कारन पुढं बाजारापतूर न्यायला गाडीवाटच न्हाई.”

“दिली वाट! पंत, किती दिवस लागतील?”

“होईल सावकाश, महाराज… चार-पाच सालं…”

“आसं कसं, दिवाणजी?” म्हाळसा म्हणाली. “तीन भाकऱ्या खाल्ल्यात. पुढच्या गणतीपतूर तुमी आमचेच!”

“बरोबर आहे!” राजाने मांडीवर थाप मारली. “नेम म्हणजे नेम! वाट होईपर्यंत पंत खडकपट्टीत राहतील आणि रोज पायी घाट उतरून दरबारात येतील!”

दिवाळीच्या आत त्या घाटातून बैलगाड्या धावू लागल्या. पहिल्या गाडीत घोंगड्या होत्या, आणि त्यांच्यावर पाय चेपत बसलेले त्र्यंबकपंत.