तक्रारींचा फोन

टेबलावरचे फोन वायरीने बांधलेले असत, तेव्हाची गोष्ट. पाणीपुरवठा कचेरीत तक्रारींचा फोन दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचा. शेवंताबाई तर रोज सांगायच्या, "बाबा, आजही नळाला थेंब नाही रे."

एकदा साहेबांनी बिनकामाचे फोन काढायला सांगितले. कॉल मोजणाऱ्या यंत्राने तक्रारींच्या फोनपुढे शून्य दाखवलं.

"अरे, मी एवढं ऐकलं, त्याचं काय?" फोनने विचारलं.

"इथून बाहेर केलेलेच कॉल मोजायला मला शिकवलंय," यंत्र म्हणालं. "ऐकलेलं कुणी विचारतच नाही."

फोन अडगळीच्या कपाटात गेला. शेवंताबाईंनी नंबर फिरवला की आता पलीकडे नुसती घंटी वाजत राहायची.

महिन्याने कपाटातल्या फोनला साहेबांचा आवाज ऐकू आला, "एकही तक्रार नाही. घ्या, पेढे घ्या."