जाकिटासाठी चमचाभर ऊन

पांढराशुभ्र बर्फाचा डोंगर. डोंगराखाली मुळ्याचा मळा. मळ्यात एका पानाखाली राहायचा एक नाकतोडा. त्याचं नाव टिकोजी.

टिकोजीला एकच करायचं होतं. डोंगरावर चढायचं आणि सुर्र करून खाली यायचं.

घसरायच्या पट्ट्या तयार होत्या. भाताची दोन तुसं. एक या पायाला, एक त्या पायाला.

जाकीटही होतं. कांद्याच्या सालीचं. गुलाबी. चकचकीत. टिकोजीने ते रंग बघून निवडलं होतं.

टिकोजीने जाकीट घातलं. एक उडी मारली. टुणुक. दुसरी उडी मारली. टुणुक. तिसरी मारली.

टर्रर्र.

जाकीट फाटलं. वारा आला, हूऽऽ. जाकीट उडालं. गेलं.

टिकोजी रडला. एकच थेंब रडला. थेंब गोठला आणि ठण् करून खाली पडला.

आता काय? नाकतोड्याला थंडी वाजली की पाय कडक होतात. पाय कडक झाले की उडी नाही. उडी नाही तर डोंगर नाही. आणि उद्या तर बर्फच नाही. बर्फ उद्या वितळणार, असं मळ्यातले सगळे मुळे सांगत होते. मुळ्यांना खालची बातमी आधी कळते.

म्हणजे आजच. आजच जाकीट हवं.

टुणुक टुणुक टुणुक, टिकोजी गेला शिंपिणीकडे.

शिंपीण म्हणजे एवढीशी पक्षीण. चोच सुईसारखी. पानं शिवायची आणि घरटं करायची. टिकोजी म्हणाला,

"शिंपीणताई, शिंपीणताई, जाकीट दे.
जाकीट घालीन, डोंगर चढीन,
सुर्र करून खाली येईन."

शिंपिणीने विचारलं, आधीचं कुठे गेलं. टिकोजीने सांगितलं. शिंपीण हसून हसून फांदीवरून पडली. मग परत वर बसली. कांद्याची साल फोडणीत घालायची की अंगात, असं तिने विचारलं. जाकीट रंगाने निवडायचं नसतं. उडी मारून निवडायचं असतं.

मग ती म्हणाली, "जाकीट देईन. पण कापड आण. वारा आत येणार नाही असं. कापड नाही तर जाकीट नाही."

टुणुक टुणुक, टिकोजी गेला कोळ्याकडे. कोळी दगडाच्या फटीत विणत बसला होता. टिकोजी म्हणाला,

"कोळीकाका, कोळीकाका, कापड द्या.
कापड देईन शिंपिणीला,
शिंपीण देईल जाकीट मला.
जाकीट घालीन, डोंगर चढीन,
सुर्र करून खाली येईन."

कोळ्याने मान वर केली नाही. विणता विणता म्हणाला, की विणीन मी, इतकं घट्ट विणीन की वारा येईल, नाक आपटेल आणि घरी जाईल. पण बर्फाचं पाणी? पाणी वाऱ्याहून चिवट. ते आत येणारच.

"म्हणून टिकोजीराव, कापड देईन. पण मेण आणा. भिजणारं कापड मी कुणाला देत नाही. मेण नाही तर कापड नाही."

टुणुक, टिकोजी गेला मधमाशीकडे. पाय जरा कडक झाले होते. मधमाशी झाडाच्या ढोलीत होती. टिकोजी म्हणाला,

"मधमाशीमावशी, मधमाशीमावशी, मेण दे.
मेण देईन कोळ्याला,
कोळी देईल कापड मला.
कापड देईन शिंपिणीला,
शिंपीण देईल जाकीट मला.
जाकीट घालीन, डोंगर चढीन,
सुर्र करून खाली येईन."

मधमाशी कुडकुडत होती. गुँऽऽ म्हणायला गेली तर गु-गु-गु असं झालं. मेण काय मडक्यात ठेवलंय का, असं ती म्हणाली. मेण येतं माझ्या पोटातून. पोट गरम, तर मेण. पोट गार, तर काही नाही.

"मेण देईन. पण पिसं आण. मऊ मऊ, पांघरायला. पिसं नाही तर मेण नाही."

टुण, टिकोजी गेला बदकाकडे. पाय आणखी कडक झाले होते. बदक तळ्याच्या काठावर पिसांच्या ढिगाशी बसलं होतं. टिकोजी म्हणाला,

"बदकआत्या, बदकआत्या, पिसं दे.
पिसं देईन मधमाशीला,
मधमाशी देईल मेण मला.
मेण देईन कोळ्याला,
कोळी देईल कापड मला.
कापड देईन शिंपिणीला,
शिंपीण देईल जाकीट मला.
जाकीट घालीन, डोंगर चढीन,
सुर्र करून खाली येईन."

बदकआत्याने आधी एक गोष्ट स्पष्ट केली. अंगावरचं पीस उपटू देणार नाही. गळलेली हवी तेवढी ने. पण ही बघ. चिखलाची. चिकट. चपटी. मळकं पीस फुगत नाही. आणि फुगत नाही ते पीस ऊब देत नाही.

"पिसं देईन. पण धुऊन देईन. पाणी आण. पाणी नाही तर पिसं नाही."

टु... टिकोजी गेला तळ्याकडे. तळं अगदी शेजारी होतं. तरी किती वेळ लागला. तळं गोठलं होतं. वर बर्फाचं झाकण. टिकोजी म्हणाला,

"तळेबुवा, तळेबुवा, पाणी द्या.
पाणी देईन बदकाला,
बदक देईल पिसं मला.
पिसं देईन मधमाशीला,
मधमाशी देईल मेण मला.
मेण देईन कोळ्याला,
कोळी देईल कापड मला.
कापड देईन शिंपिणीला,
शिंपीण देईल जाकीट मला.
जाकीट घालीन, डोंगर चढीन,
सुर्र करून खाली येईन."

झाकणाखालून तळं बोललं. बुड बुड बुड. काही कळेना. टिकोजीने बर्फाला कान लावला. नाकतोड्याचे कान पोटावर असतात, म्हणून त्याने बर्फाला पोट लावलं. गार गार पोट. तळं म्हणत होतं,

"पाणी देईन. पण ऊन आण. माझं झाकण उघडत नाही. ऊन नाही तर पाणी नाही."

आता ऊन कुठलं आणायचं? सूर्य ढगांची गोधडी घेऊन झोपला होता.

टिकोजीने उडी मारली. आवाजच आला नाही. पाय काठीसारखे झाले होते. मग तो सरपटला. सरपट, सरपट, थांबला. सरपट, सरपट, थांबला. एक उंच दगड होता. त्याच्या टोकावर पोचला. आणि जेवढा आवाज उरला होता तेवढ्याने म्हणाला,

"सूर्यदादा, सूर्यदादा, ऊन दे.
ऊन देईन तळ्याला,
तळं देईल पाणी मला.
पाणी देईन बदकाला,
बदक देईल पिसं मला.
पिसं देईन मधमाशीला,
मधमाशी देईल मेण मला.
मेण देईन कोळ्याला,
कोळी देईल कापड मला.
कापड देईन शिंपिणीला,
शिंपीण देईल जाकीट मला.
जाकीट घालीन, डोंगर चढीन,
सुर्र करून खाली येईन."

सूर्य जागा झाला. त्याने जांभई दिली. त्याने काहीच मागितलं नाही. सूर्य कधी काही मागत नाही. ने की, म्हणाला, सगळं ने. आणि गोधडी बाजूला करू लागला.

टिकोजी घाबरला. सगळं ऊन आलं तर सगळा बर्फ वितळणार. मग डोंगराचा चिखल. चिखलावर सुर्र होत नाही. पचाक होतं.

"दादा, सगळं नको," टिकोजी म्हणाला. "चमचाभर दे."

सूर्याने एवढं कमी कधी दिलंच नव्हतं. त्याला जमेना. आधी निघालं बादलीभर. परत घेतलं. मग निघालं तांब्याभर. परत घेतलं. मग त्याने जीभ बाहेर काढली, एक डोळा मिटला आणि गोधडीतून एकच बोट बाहेर काढलं. टप्. चमचाभर ऊन.

चमचा कुठे होता? टिकोजीने पायातलं एक तूस काढलं आणि त्यात ऊन झेललं.

ऊन पिवळं होतं. कोमट होतं. टिकोजीचे पाय गारठलेले होते. पायांवर ओतलं असतं, तर किती छान वाटलं असतं. टिकोजीने उन्हाकडे बघितलं. पायांकडे बघितलं. परत उन्हाकडे बघितलं.

मग तूस सांभाळत, एक थेंब न सांडता, तो तळ्याकडे निघाला.

ऊन दिलं तळ्याला. झाकणाला भोक पडलं. बुळुक. तळ्याने दिलं पाणी.

पाणी दिलं बदकाला. बदकआत्याने पिसं धुतली. खळ खळ खळ. झटकली. फट फट फट. पिसं फुगली. इतकी फुगली की आत्या दिसेना. ढिगातून नुसता आवाज आला, की घेऊन जा बाबा लवकर.

पिसं दिली मधमाशीला. मधमाशी पिसांत शिरली. गु-गु-गु. मग गुँ. मग गुँऽऽऽ. पोट गरम झालं. तिने दिलं मेण. आणि पिसंही परत दिली. म्हणाली, मला तेवढ्यापुरतीच हवी होती, आता तुला लागतील. टिकोजीने पिसांवर बसून पाय शेकले. मग उडी मारून बघितली.

टुण.

मेण दिलं कोळ्याला. कोळ्याने धाग्याला मेण चोळलं. विणलं घट्ट. वारा आला, हूऽऽ. नाक आपटलं. घरी गेला. पाणी आलं, टप्. कापडावर गोल बसलं, घरंगळलं, तेही गेलं. कोळ्याने दिलं कापड. बाह्याही विणून दिल्या.

कापड दिलं शिंपिणीला. शिंपिणीने कापडाच्या दोन बाजू जोडल्या. मध्ये भरली पिसं. टिकोजीला वाटलं, झालं. पण शिंपीण म्हणाली, अजून नाही. पिसं मोकळी राहिली तर सगळी घसरून पोटाशी जातात. पोट गरम, पाठ गार. म्हणून तिने छोटे छोटे चौकोन शिवले. टुच टुच टुच. प्रत्येक चौकोनात थोडी पिसं. कुणीही जागा सोडायची नाही.

मग बाह्या जोडल्या. जाकीट तयार.

टिकोजीने रंग बघितलाच नाही. त्याने जाकीट घातलं आणि पुढचे पाय वर केले. जाकीट वर चढलं नाही. तो खाली बसला. टाका सुटला नाही. त्याने उडी मारली. टुणुक. टर्रर्र झालं नाही.

पण हे काय? बाह्यांत पाय गेले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. नाकतोड्याला पाय सहा. आणि जाकिटाला बाह्या आठ.

दोन बाह्या रिकाम्या. लोंबत होत्या. लोंबक लोंबक. आणि त्यांतून वारा आत आला. हूऽऽ. परत थंडी.

शिंपिणीने कोळ्याला हाक मारली आणि विचारलं, काका, बाह्या आठ कशा? कोळी फटीतून म्हणाला, आठच असतात. त्याने आपले पाय मोजून दाखवले. आठ. मग शेजारच्या कोळ्याचे मोजले. तेही आठ. अजून कुणाचे मोजायचे असतील तर सांगा, म्हणाला.

शिंपीण म्हणाली, मी उसवते. पण उसवायला वेळ लागणार. दुपार सरत होती. उद्या बर्फ नाही.

टिकोजी विचार करू लागला. विचार करताना नाकतोडे मिश्या हलवतात. टिकोजीने मिश्या हलवल्या. लांब, बारीक, गार पडलेल्या मिश्या. त्याने मोजल्या.

एक. दोन.

टिकोजीने एक मिशी एका बाहीत घातली. दुसरी मिशी दुसऱ्या बाहीत घातली. सुळुक. सुळुक. बरोब्बर बसल्या. वाऱ्याने इकडून वाट शोधली. तिकडून शोधली. आत जायला जागाच नव्हती.

टिकोजी निघाला. टुणुक टुणुक टुणुक. शिंपिणीवरून, कोळ्यावरून, मधमाशीवरून, बदकावरून, तळ्यावरून. थेट डोंगराच्या टोकावर. पायात तुसं. अंगात जाकीट. मिश्यासुद्धा गरम.

खाली बघितलं. बापरे. किती पांढरं, किती लांब.

आणि टिकोजी सुटला.

सुर्रऽऽऽऽऽऽ

तळं गेलं. सुर्र. बदक गेलं. सुर्र. मधमाशी गेली. सुर्र. कोळी आला. कोळ्याने भराभर बाह्या मोजल्या. आठ. एकही रिकामी नाही. "बघा," कोळी म्हणाला, "मी काय सांगत होतो?"

टिकोजीला ऐकूच आलं नाही. तो कधीच पुढे गेला होता. मुळ्यांच्या रांगेत शिरला. एका मुळ्यावर आपटला. पण जाकीट एवढं फुगलेलं, की लागलंच नाही. बदकन् बसला. तोंडभर बर्फ.

थंडी वाजली? छे.

टिकोजी उठला. बर्फ झटकला. आणि परत वर निघाला. टुणुक टुणुक टुणुक.

गोष्ट घसरली उतारावर, येऊन थांबली तुमच्या मांडीवर.