सड्यावरची येसाय

फार मागची गोष्ट. तेव्हा सड्यावरून डांबरी सडक गेली नव्हती, आणि पायरखोलच्या लेकींना श्रावणात माहेर नव्हतं.

गाव सड्याच्या या अंगाला, आणि लेकी दिलेल्या त्या अंगाला, खाडीकाठी. मधे जांभ्या दगडाचा उघडा कातळ, नजर पोचणार नाही एवढा. पावसाळ्यात त्या कातळावर फुरशी निघत. फुरसं म्हणजे हातभर लांबीचा साप, पण जहाल, आणि रंग असा की पाय पडेपर्यंत दिसायचा नाही. म्हणून मृग लागला की वाट बंद व्हायची, ती भातं कापून झाल्यावर उघडायची.

या गावात येसू नावाची बाई होती. नवरा लवकर गेलेला, एकुलती एक लेक तानी. तानीला खाडीवरच्या एका दर्यावर्दी घरात दिली. लग्नानंतरची पहिली पंचमी आली, तशी तानीनं निरोप धाडला, "आये, न्यायला ये. मी सड्याच्या पायथ्याला येऊन थांबते."

पाऊस कोसळत होता. येसू निघाली, तर भावकीनं अडवलं. "उघडीप पडू दे, मग जा," म्हणाले. उघडीप पडली, आणि त्याच दिवशी कातळावर एका गड्याला पान लागलं. साप चावला म्हणायचं नाही, पान लागलं म्हणायचं. गडी दगावला. मग येसूला कोण सोडतंय?

तानी पायथ्याशी दिवसभर थांबली आणि मागे फिरली. दसऱ्याच्या आधी जावई तिला गलबतावर घालून दूरच्या बंदराला घेऊन गेला. ते गलबत परत आलं नाही. बुडालं, की तिकडंच राहिलं, कुणाला कळलं नाही.

तेव्हापासून येसू रोज सड्याच्या कडेला जाऊन बसू लागली. वाटेवरून लेक काही यायची नाही, पण दुसरं कोण येतं-जातं ते दिसत गेलं. थंडीत फुरशी दगड रचून घातलेल्या गडग्याच्या उगवतीच्या बाजूला ऊन खात पडत. वैशाखात खोल फटींत गडप होत. मृगाचं पाणी बिळात शिरलं की वर येत. आणि श्रावणात झड लागली की दगडाखाली दडून बसत, उघडीप पडली की अंग शेकायला बाहेर येत. गाव ज्या उघडिपीसाठी थांबायचं, तीच त्यांची बाहेर पडायची वेळ होती.

हे उमगलं त्या दिवशी येसू जेवली नाही, असं म्हणतात. त्या कोसळत्या पावसात ती गेली असती, तर तानी घरी आली असती.

पुढच्या श्रावणात शेजारच्या भिकायची गोदी सासरी होती. भिकाय ओसरीवर डोळे पुसत बसलेली. येसू म्हणाली, "उगी रहा. तुझी पोर मी आणते." डोक्यावर पानांचं इरलं घेतलं, हातात काठी घेतली, आणि ऐन पावसात गेली. वाटेत एक नाग फणा काढून उभा राहिला. येसू त्याला म्हणाली, "माझी न्हाय रं बाबा, दुसरीची लेक आणायला चाललंय. वाट दे." नागानं फणा मिटला आणि तो बाजूला झाला, असं म्हणतात.

गोदी माहेरी आली. त्यानंतर दर पंचमीला येसू सगळ्यांच्या लेकी आणू लागली. पोरी तिला येसाय म्हणू लागल्या. प्रत्येकीला पायथ्याशी बघताना ती आधी चेहरा निरखायची, मग म्हणायची, "चल बाय."

येसाय म्हातारी झाली. एका साली लेकींची रांग घेऊन ती कातळाच्या मधोमध आली, आणि पाऊस एकाएकी थांबला. लख्ख ऊन पडलं. दगडादगडाखालून फुरशी निघाली. कातळ हलतोय असं वाटावं, इतकी. पोरी रडू लागल्या.

"पाय हलवू नका," येसाय म्हणाली. ती वाट सोडून आत गेली आणि उन्हात मांडी घालून बसली. काठी खाली ठेवली. आणि सड्यावरची सगळी फुरशी वळली, तिच्याकडे गेली, तिच्याभोवती वेटोळी घालून बसली. वाट मोकळी झाली. "गोदे, यांना घेऊन जा," ती म्हणाली.

पोरी पलीकडे पोचल्या. गोदीनं मागे वळून बघितलं. येसाय खाडीकडे तोंड करून बसली होती. तिनं हाक मारली, "ताने गं..."

गोदीला राहवलं नाही. तिनं ओ दिली, "आले गं आये!"

येसायनं मान वळवली नाही, पण ती हसली, असं गोदी मरेपर्यंत सांगायची. मग पावसाची सर आली आणि काही दिसेना. सर गेली तेव्हा कातळावर कुणी नव्हतं.

आता लेकी रिक्षातून येतात. तरी पंचमीच्या आदल्या दिवशी सड्यावर रिक्षा थांबते. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई खाडीकडे तोंड करून तानीला हाक मारते. जी लेक लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी येत असते तिनं, नाव काहीही असो, मोठ्यानं ओ द्यायची, "आले गं आये!" मग सगळ्याजणी थोडा वेळ तशाच उभ्या राहतात. कुणी घाई करत नाही.