बगळ्याची तपासणी

जनावरं एकमेकांवर औषधोपचार करायची, तेव्हाची गोष्ट. तरसाने वैद्यकी शिकवायला वैद्यशाळा काढली. तपासणीला बगळा येणार म्हटल्यावर त्याने धडधाकट सशांच्या पायांना पट्ट्या बांधून त्यांना खाटांवर निजवलं. मेल्या बगळ्याने एकही पट्टी सोडून पाहिली नाही. बंद दाराआड मासे हाणले आणि मान्यता देऊन टाकली.

शेजारच्या साळिंदरबाईच्या शाळेत खरे जखमी बरे व्हायचे. तिला बगळ्याकडून नकार मिळाला.

"कारण तरी सांगा!" ती कडाडली.

"कारणं सांगायची आमच्यात पद्धत नाही."

पुढे बगळ्याचाच पाय मोडला. तरसाच्या शिष्यांनी त्याला उचलून नेलं आणि धड पायाला पट्टी बांधली.

"गाढवांनो, मोडलेला पाय हा आहे!"

शिष्य गोंधळले. "पण साहेब, आम्ही धड पायांवरच शिकलो. तुम्ही स्वतः बघून गेलात की!"