काकूंचा खरवस

त्या हंगामात गोंदाजी महाराजांनी मुक्कामासाठी शेरवडीचं देऊळ सोडून ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्या निवडल्या. गावाला हे रुचलं नाही. पण महाराजांना कोण बोलणार? बोलणी मजुरांच्या वाट्याला आली.

त्यात भागीरथीकाकू पुढे. अर्ध्या गावाची बाळंतपणं त्यांच्या हातची, आणि आपल्या पुण्याची बेरीज त्या स्वतःच करत. देवाला तेवढी तसदी देत नसत. मजुरांतली कौसा दिवस भरत आले तरी उसाची मोळी डोक्यावर वाहत होती. मोळी टाकली की महाराजांपुढे हात जोडायची. एका सकाळी कळ आली म्हणून ती काकूंच्या ओसरीशी गेली, पोट बघता का म्हणाली. काकूंनी तिचे पाय बघितले.

"सारवणावर चिखल कशाला आणलास गं? तुम्हाला काय, मोळी उचलता उचलता पोरं होतात. जा."

कौसा फडातच बाळंत झाली. बायकांनी तिला कोपीत आणलं. मूल गार पडलेलं, रडेना.

तेवढ्यात काकू डबा घेऊन महाराजांच्या दर्शनाला आल्या. त्यांची म्हैस व्याली होती. महाराजांनी त्यांना कोपीत जायला सांगितलं. इतक्या बायकांदेखत नाही कसं म्हणणार? काकू आत गेल्या आणि गावाच्या रीतीप्रमाणे फर्मावलं, की पहिलं पिवळं दूध नासकं, ते पिळून टाक, तीन दिवस मध चाटव.

महाराज दाराबाहेरूनच म्हणाले, "काकू, डब्यात काय आणलंत?"

"पहिल्या चिकाचा खरवस, महाराज. अमृत आहे."

"म्हशीचा चीक अमृत, आणि आईचा नासका?"

काकूंनी डबा पदराआड घेतला.

महाराजांनी आपली घोंगडी आत दिली. "कौसाबाई, लेकरू उघड्या छातीशी धर. वरून ही घे." मग डोळे मिटून त्यांनी पांडुरंगाचं नाव घेतलं. काय सांगावी त्या माउलीची कृपा! निळ्या ओठांवर पिवळा थेंब पडला, जिभेनं तो टिपला, आणि कोपी रडण्यानं भरून गेली.

कुणाकुणाचं दूध आपण उकिरड्यावर ओतायला लावलं, ती तोंडं एकेक करून काकूंच्या डोळ्यांपुढं आली. शेवटी स्वतःच्या लेकीचं. तिचं पहिलं पोर चौथ्या दिवशी गेलं होतं. पुण्याच्या बेरजेत काकूंनी ते कधी धरलंच नव्हतं.

बाहेर येऊन त्या महाराजांच्या पायांशी वाकल्या. महाराज मागे सरले. "इथं नाही," एवढंच म्हणाले.

काकू परत आत गेल्या आणि कौसाच्या पायांवर डोकं ठेवलं. ती बिचारी पाय आखडून घेऊ लागली. "काकू, चिखल हाय पायाला."

"असू दे, बाई," काकू म्हणाल्या. डोकं मात्र वर उचललं नाही.