इवलीचा फेटा शिंगावर

एक होता माळ. माळावर एक बोर. बोरीखाली एक मंडळ. मंडळाचं नाव काय? बोरीखालचं तरुण मंडळ!

मंडळात कोण कोण होतं? कोंबडा होता. साळुंकी होती. बेडूक होता. खार होती. आणि अगदी मागे, अगदी शेवटी, एक चिचुंद्री होती. एवढुस्सं अंग. लांबुडकं नाक. तिचं नाव इवली.

उन्हाळा आला. माळ वाळला. माळावरच्या म्हाताऱ्यांचे हाल झाले. कुणाला उडता येईना. कुणाला दिसेना. दाणे शोधायला कोण जाणार?

मंडळाची बैठक बसली. कोंबडेराव अध्यक्ष. ते म्हणाले, "कुक्कूच कू! वर्गणी काढू. दारोदार दाणे मागू. म्हाताऱ्यांना नेऊन देऊ."

"काढू, काढू!" सगळे म्हणाले.

"मोठ्या दारांत मी जाईन. लहान दारांत कोण जाणार?"

सगळे मागे सरले. लहान दारं म्हणजे मुंग्यांची वारुळं. उंदरांची बिळं. दगडांच्या फटी. आत अंधार. आत कोळिष्टकं.

"मी जाते," इवली म्हणाली.

आणि गेली. तुरु तुरु तुरु.

"वर्गणी द्या हो, वर्गणी!"

मुंगीनं दिला एक दाणा. उंदरानं दिला एक दाणा. इवलीनं दाणा तोंडात धरला. म्हाताऱ्यांच्या दारात नेऊन ठेवला. पुन्हा गेली. पुन्हा आणला. नाक खरचटलं. पाय दुखले. पण इवली रोज गेली. तुरु तुरु तुरु.

मग सत्काराचा दिवस आला. सुगरण पाखरानं फेटे विणले. लाल लाल फेटे. जो काम करील, त्याला फेटा. इवलीलाही एक. बोराएवढा!

इवलीनं नाक धुतलं. मिश्या पुसल्या. रांगेत उभी राहिली. सगळ्यांत शेवटी.

कोंबड्याला फेटा. टाळ्या! साळुंकीला फेटा. टाळ्या! बेडकाला फेटा. टाळ्या! खारीला फेटा. टाळ्या! आता इवली...

तेवढ्यात, धप् धप् धप्!

आला एक रेडा. कुणी बोलावलं नव्हतं. दिसली सावली, आला. दिसली जागा, बसला.

"अरे बापरे! केवढे मोठे पाहुणे!" कोंबडेराव म्हणाले. "फेटा आणा, फेटा!"

मंडळाची रीतच होती तशी. पाहुणा आला, की फेटा आधी पाहुण्याला. पाहुण्यानं काम केलं का? कुणी विचारत नसे.

उरला होता एकच फेटा. इवलीचा. तोच गेला रेड्याच्या शिंगावर. अगदी टोकावर. खुस्स!

टाळ्या वाजल्या. इवलीचं डोकं तसंच राहिलं.

तुरु तुरु तुरु. इवली गेली कोंबडेरावांकडे.

"कोंबडेराव, कोंबडेराव, माझा फेटा द्या."

"कोण गं तू?"

"मी इवली. लहान दारांत गेले ती."

"हां, हां. बरं काम केलंस. पण फेटा तर पाहुण्यांच्या शिंगावर. पाहुणे उठल्याशिवाय मी कसा काढू? बरं दिसतं का ते?"

"आणि माझं उघडं डोकं बरं दिसतं का?"

"वाद घालू नकोस. जा, आधी पाहुण्यांना उठव."

तुरु तुरु तुरु. इवली गेली रेडोबाकडे. रेडोबा रवंथ करत होता. चबर चबर चबर.

"रेडोबा, रेडोबा, उठा."

"का गं?"

"कोंबडा फेटा काढेना.
इवलीचा फेटा मिळेना."

"हं!" रेडोबा म्हणाला. "आभार मानल्याशिवाय पाहुणा उठतो होय? आधी आभार. मग मी उठणार."

तुरु तुरु तुरु. इवली गेली साळुंकीकडे. साळुंकीच्या हातात भोपळ्याचं फूल. तोच तिचा माइक. "हॅलो, हॅलो! एक, दोन, तीन! हॅलो!"

"साळुंकीताई, साळुंकीताई, आभार मान."

"का गं?"

"रेडा उठेना.
कोंबडा फेटा काढेना.
इवलीचा फेटा मिळेना."

"अगं बाई!" साळुंकी म्हणाली. "ढोल वाजल्याशिवाय माझं कोण ऐकणार? आधी ढोल. मग मी बोलणार."

तुरु तुरु तुरु. इवली गेली बेडकाकडे. बेडूक ढोलावर बसला होता. तोंड फुगवून.

"बेडूकदादा, बेडूकदादा, ढोल वाजव."

"का गं?"

"साळुंकी आभार मानेना.
रेडा उठेना.
कोंबडा फेटा काढेना.
इवलीचा फेटा मिळेना."

"डरांव!" बेडूक म्हणाला. "पोट रिकामं, ढोल कसा वाजेल? आधी खीर. मग मी वाजवणार."

तुरु तुरु तुरु. इवली गेली खारीकडे. खारीच्या हातात डाव. पुढ्यात पातेलं. पातेलं थंडगार.

"खारूताई, खारूताई, खीर दे."

"का गं?"

"बेडूक ढोल वाजवेना.
साळुंकी आभार मानेना.
रेडा उठेना.
कोंबडा फेटा काढेना.
इवलीचा फेटा मिळेना."

"कुठली खीर देऊ?" खार म्हणाली. "बघ, चूल विझलेली. डाव फिरवून फिरवून माझा हात दुखला. आधी चूल. मग मी खीर देणार."

इवलीनं थंड पातेल्याला नाक लावलं. मग निघाली.

तुरु तुरु तुरु. इवली गेली चुलीकडे. तीन दगडांची चूल. मध्ये गार राख.

"चूलबाई, चूलबाई, पेट ना."

"का गं?"

"खार खीर देईना.
बेडूक ढोल वाजवेना.
साळुंकी आभार मानेना.
रेडा उठेना.
कोंबडा फेटा काढेना.
इवलीचा फेटा मिळेना."

"मी काय राख जाळू?" चूल म्हणाली. "काटक्या कुठायत? बेडूक म्हणाला, खार आणेल. खार म्हणाली, साळुंकी आणेल. साळुंकी म्हणाली, मंडळ आणेल. मंडळ काही आलं नाही! आधी काटक्या. मग मी पेटणार."

तुरु तुरु तुरु. इवली गेली बोरीकडे. मान वर केली. अजून वर केली.

"बोरीमावशी, बोरीमावशी, काटक्या टाक."

"का गं?"

"चूल पेटेना.
खार खीर देईना.
बेडूक ढोल वाजवेना.
साळुंकी आभार मानेना.
रेडा उठेना.
कोंबडा फेटा काढेना.
इवलीचा फेटा मिळेना."

बोर सळसळली. "माझ्या फांद्या ओल्या. ओल्या जळतात का? वाळक्या काटक्या माझ्या शेंड्यावर, कावळेआजोबांच्या घरट्यात. आधी त्यांना विचार. मग मी टाकणार."

आता मात्र इवली खाली बसली.

ऊन तापलं होतं. पाय दुखत होते. दूर रेड्याच्या शिंगावर फेटा दिसत होता. लाल, इवलासा.

घरी जावं का?

इवलीनं विचार केला. खूप विचार केला. त्यानं हिच्याकडे पाठवलं. हिनं तिच्याकडे पाठवलं. सगळे बसले. चालतंय कोण? मीच!

पण फेटा कुणाचा? माझा.

मग इवली उठली. झाडावर चढली. काटे टोचले. पाय घसरला. सर्रर्र! पुन्हा चढली. खरचट खरचट खरचट. वर गेली.

घरट्यात कावळेआजोबा बसले होते. पंख पांढुरके. डोळे मिटलेले. आता त्यांना उडता येत नव्हतं. दिसतही नव्हतं फारसं.

"कावळेआजोबा, कावळेआजोबा, काटक्या द्या."

"का गं पोरी?"

इवलीनं मोठा श्वास घेतला.

"बोर काटक्या टाकेना.
चूल पेटेना.
खार खीर देईना.
बेडूक ढोल वाजवेना.
साळुंकी आभार मानेना.
रेडा उठेना.
कोंबडा फेटा काढेना.
इवलीचा फेटा मिळेना."

आजोबांनी मान कलती केली.

इवली म्हणाली, "सांगा आजोबा. तुमचं आधी काय? सगळ्यांचं काहीतरी आधी असतं."

आजोबांनी एक डोळा उघडला.

"उन्हाळाभर माझ्या घरट्यात दाणा यायचा. कोण ठेवायचं, मला दिसायचं नाही. पण ऐकू यायचं. खरचट खरचट वर. खरचट खरचट खाली. तूच ना गं ती?"

"हो आजोबा."

"दाणा देताना तू म्हणालीस का, आधी हे करा, मग दाणा?"

"नाही आजोबा."

"मग मी कसं म्हणू? घे काटक्या. घरटं मोठं आहे. मी एकटा. एवढं कशाला हवं मला?"

आणि आजोबांनी चोचीनं काटकी ओढली. कट्! दुसरी ओढली. कट्! तिसरी ओढली. कट् कट्!

मग काय झालं?

कावळ्यानं काटक्या ओढल्या. कट् कट् कट्!
बोरीनं फांदी हलवली, काटक्या खाली टाकल्या. खळ् खळ् खळ्!
चूल पेटली. भग्ग!
खीर शिजली. रट् रट् रट्!
खारीनं खीर दिली. बेडकानं खाल्ली. मट् मट् मट्!
बेडकानं ढोल वाजवला. ढुम् ढुम् ढुमाक्!

साळुंकीनं फूल तोंडाशी धरलं. "हॅलो, हॅलो! आता आभार!"

इवलीनं कान टवकारले.

"अध्यक्षांचे आभार! पाहुण्यांचे आभार! सावलीचे आभार! ढोलाचे आभार! खिरीचे आभार! आभार संपले!"

इवलीचं नाव आलंच नाही.

"काव!"

सगळ्यांनी वर पाहिलं. घरट्याच्या काठावर कावळेआजोबा उभे होते.

"दाणे कोणी आणले?" आजोबांनी विचारलं.

बेडकानं खारीकडे पाहिलं. खारीनं साळुंकीकडे पाहिलं.

"पुन्हा विचारतो. दाणे कोणी आणले?"

"मंडळानं," साळुंकी हळूच म्हणाली.

"मंडळाला पाय असतात का गं? माझ्या झाडावर तर पाय वाजायचे. खरचट खरचट खरचट. ते कुणाचे?"

साळुंकी खाली बघू लागली.

मागून एक पाखरू, आंधळी होली म्हणाली, "माझ्या दारातही पाय वाजायचे. तुरु तुरु तुरु."

म्हातारा ससा म्हणाला, "माझ्याही दारात. तुरु तुरु तुरु."

लंगडा तितर म्हणाला, "माझ्याही. तुरु तुरु तुरु. ते पाय कुणाचे, कोंबडेराव? सांगा ना."

कोंबडेराव इकडे बघू लागले. तिकडे बघू लागले.

"माझे," इवली म्हणाली. पुढे आली. अगदी पुढे. "ते पाय माझे. आणि तो फेटाही माझा."

रेडोबा दचकला. "कुठला फेटा? माझ्या शिंगावर फेटा आहे? मला वाटलं माशी बसलीय!"

आणि रेडोबा उठला. धप्प! मान खाली घातली. शिंग जमिनीला टेकवलं. "काढा, काढा. ज्याचं त्याला द्या. मी आपला सावलीला आलो होतो."

कोंबडेरावांनी फेटा काढला. पण अरेरे! शिंगानं फेट्याला भोक पडलं होतं.

"फाटला," कोंबडेराव म्हणाले. "असं करू. उद्या तुला नवा देऊ."

"उद्या नको," इवली म्हणाली. "आज द्या. हाच द्या."

"फाटका?"

"फाटका. तुम्ही फाडलात. आता तुम्हीच बांधा."

इवली एवढुशी. कोंबडेराव केवढे! मग कोंबडेराव वाकले. आणखी वाकले. तुरा मातीला लागला. एवढे ते कधी कुणापुढे वाकले नव्हते.

त्यांनी फेटा बांधला. घट्ट बांधला. आणि भोकातून इवलीचा एक कान बाहेर आला. टुण्!

साळुंकीनं फूल उचललं. या वेळी तिनं आधी विचारलं. "पूर्ण नाव काय गं तुझं?"

"इवली चिचुंद्री. लहान दारांतली."

"हॅलो, हॅलो! ऐका हो ऐका! इवली चिचुंद्री! लहान दारांतली!"

ढुम् ढुम् ढुमाक्!

होली म्हणाली, "इवली!" ससा म्हणाला, "इवली!" तितर म्हणाला, "इवली!" घरट्यातून आजोबा म्हणाले, "इवली!"

फेट्याबाहेरचा तो एक कान हलला. त्यानं सगळं सगळं ऐकलं.

खीर आली वाटीत, फेटा आला माथी. गोष्ट आमची एवढीच होती, निजा आता राती.