बारावी शेळी

"म्हणजे यकृताला काहीच होत नाही म्हणतेस?"

"काहीच नाही, सर."

वैदेही कुलथेनं हे ताठ मानेनं सांगितलं. पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं सुवर्णपदक तिच्या नावावर होतं. तेवढ्याच जागी भूल देणाऱ्या लिग्नोकेन या औषधाचा शेळ्यांच्या यकृतावर काय परिणाम होतो, हा तिच्या प्रबंधाचा विषय. प्रबंध बांधून तयार होता. राहिली होती ती फक्त तिचे मार्गदर्शक आवटी सरांची सही.

सर गोठ्यातच बसले होते. प्रबंध मांडीवर, पेन अजून खिशात.

"किती शेळ्या?"

"अकरा."

सरांनी समोर पाहिलं. दावणीला बारा होत्या.

"ती शेवटची..." वैदेही म्हणाली, "तिच्या रक्तातली यकृताची एन्झाइम्स एकदम वाढली, यकृताला इजा झाल्यासारखी. आधीपासूनच आजारी असणार. म्हणून वगळली."

"भूल देण्याआधीच्या रक्तात वाढलेली होती?"

"नाही, सर."

सर उठले. एकेका शेळीचं दावं सोडत गेले. अकरा शेळ्या उड्या मारत कुरणात पांगल्या. बारावी तेवढी बांधलेली राहिली.

"सर, हे काय?"

"त्या अकरा तुझ्याच बाजूच्या. त्यांच्याशी बोलून झालंय तुझं. आता हिचं ऐक."

प्रबंध तिच्या हातात ठेवून सर निघून गेले.

वैदेहीची कानशिलं तापली. बारांतली एक! दुसऱ्या कुणी डोळे मिटून सही केली असती. ती तशीच उभी राहिली. शेळी तिच्याकडे बघत निवांत रवंथ करत होती.

दोन आठवडे थांबून वैदेहीनं तिला तेवढीच भूल पुन्हा दिली. रोज सकाळी स्वतः रक्त घेतलं, स्वतः तपासलं. एन्झाइम्स पुन्हा चढली. पाचव्या दिवशी उतरली. शेळीचं खाणंपिणं चालूच होतं. वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

निष्कर्षाचं पान तिनं फाडलं. नव्या पानावर लिहिलं : 'बारापैकी एका शेळीत, दोन्ही वेळा, यकृतावर तात्पुरता परिणाम दिसला. कारण कळले नाही.'

शेवटच्या तीन शब्दांपाशी ती बराच वेळ थांबली. सुवर्णपदकवालीनं असं लिहायचं?... मग तिनं ते तसेच ठेवले.

सरांसमोर ती आली तेव्हा मान पहिल्यासारखीच ताठ होती. आवाज मात्र शांत होता.

"माझा निष्कर्ष मोडला, सर. पण आता यातला एकही आकडा मी लपवलेला नाही."

सरांनी ते पान वाचलं. पुन्हा वाचलं. खिशातून पेन काढून सही केली आणि प्रबंध दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. असा त्यांनी आजवर कुणाला दिलेला तिनं पाहिला नव्हता.

"सर, बाहेरचे परीक्षक विचारतील, बारावीचं कारण काय? त्यांना काय सांगू?"

"सांग, तिचं ऐकतेय अजून."